घड्याळ लावा, पण कागदही दाखवा

नाशिकमधल्या सातपूर किंवा अंबडच्या कुठल्याही शेडमध्ये पॅड आणि स्टॉपवॉच घेऊन एखादा माणूस उभा राहिला की चार मशीन पलीकडच्यालाही ते कळतं. गप्पा थांबतात. लेथवरच्या ऑपरेटरचा हात जरा जड होतो. एरवी जॉब चकमध्ये बसवताना तो एकदा फुंकर मारून बर उडवतो, आता दोनदा मारतो. गेज एकदा लावायचा तो फिरवून पुन्हा लावतो. लोक याला कामचुकारपणा म्हणतात. मला ते मान्य नाही. आज टिपलेला आकडा उद्यापासून रोजचं टार्गेट होणार आणि तो पुन्हा कधी खाली येणार नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक असतं.

नोकरीच्या सुरुवातीला तो पॅड मीही धरला आहे. त्यामुळे त्यावर काय लिहिलं जातं हे आज या सदरात उघड करून सांगतो.

कामाचे आधी तुकडे पाडायचे: जॉब उचलणं, चकमध्ये बसवणं, मशीन चालणं, मोजणं, काढून क्रेटमध्ये ठेवणं. प्रत्येक तुकड्याची वेळ बऱ्याच फेऱ्यांत टिपून सरासरी काढायची. समजा एका नगाला 60 सेकंद आले. घड्याळाचं काम इथं संपतं, पुढचं सगळं माणसाचा निवाडा. कामगार ठरलेल्या प्रमाण वेगाच्या मानाने किती वेगात होता हे मोजणाऱ्याने ठरवायचं, याला रेटिंग म्हणतात. 90 दिलं तर 60 चे 54 सेकंद होतात. त्यावर पाणी, लघवी, थकवा, उभं राहणं, उकाडा, आवाज यांसाठीची सूट म्हणजे अलाउन्स चढवायचा. तो 15 टक्के धरला तर 62.1 सेकंद. हा झाला स्टँडर्ड टाइम. जेवणाची सुट्टी सोडून पाळीत साडेसात तास, म्हणजे 27,000 सेकंद. भागाकार करा, 434 नग येतात. सूट दिलीच नाही तर तोच भागाकार 500 वर जातो. मधले 66 नग मशीन जास्त पळून येत नाहीत, ते माणसाच्या कमरेतून आणि पोटऱ्यांतून येतात.

आता हे 'प्रमाण' कुणाचं? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं वर्क स्टडीवरचं पुस्तक 1957 मध्ये प्रथम निघालं आणि या विषयाच्या कित्येक विद्यार्थ्यांनी तेच वाचलं. त्यात 100 रेटिंगची खूण दिली आहे: मध्यम बांध्याच्या पुरुषाने ओझं न घेता सपाट, सरळ वाटेवर ताशी 6.4 किलोमीटरने चालणं, किंवा 52 पत्त्यांचा कॅट 22.5 सेकंदांत वाटणं. सीबीएस बसस्थानकावरून निघून त्र्यंबक रोडने तासाभरात सातपूरच्या आसपास पोचायचं, तोच वेग पाळीभर हातांनी ठेवायचा, असा त्याचा अर्थ. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पत्र्याखाली उभ्या माणसाला हेच 100 लावणं मला पटत नाही, आणि सूट असते ती नेमकी यासाठीच. त्याच पुस्तकातल्या तक्त्यात पुरुषाला वैयक्तिक गरजांसाठी 5 टक्के आणि स्त्रीला 7, मूळ थकव्याचे दोघांना 4, उभं राहून काम असेल तर पुरुषाला आणखी 2 आणि स्त्रीला 4, असं सुटं सुटं लिहिलं आहे. उकाडा, आवाज, वजन यांचं त्यावर वेगळं. म्हणजे ही सूट मालकाची मेहेरबानी नव्हे. ती मोजमापाचाच भाग आहे.

पण कात्री आधी तिलाच लागते. मी टिपलेल्या एका कागदावर 15 टक्के होते, वरिष्ठांनी पेनने त्याचे 10 केले. वरच्याच उदाहरणात सांगायचं तर 434 चे 454. मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी त्या मशीनवरच्या मामांनी पॅड माझ्या हातातून घेतला, बोट फिरवत शेवटच्या रकान्यापर्यंत आले आणि म्हणाले, "साहेब, घड्याळ खुशाल लावा. पण हे उभं राहण्याचे दोन टक्के कुठं गेले?" मला उत्तर देता आलं नाही. आजही ते उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून हा विषय सोडवत नाही.

हे भांडण जुनं आहे. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर या अभियंत्याच्या पद्धतीचं घड्याळ वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारात आलं, तेव्हा ऑगस्ट 1911 मध्ये तिथले ओतारी काम टाकून बाहेर पडले. पुढे शस्त्रागारांतल्या स्टॉपवॉचवर पैसा खर्च करायला तिथल्या संसदेने बंदी घातली, ती 1949 पर्यंत टिकली. आपल्याकडे मुंबईत 1928 चा सहा महिन्यांचा गिरणी संप झाला, त्यातही दोनऐवजी तीन माग सांभाळायला लावण्यावरून असंतोष होता. तरीही घड्याळावर बंदी घाला, असं मी म्हणणार नाही. 1971 च्या महाराष्ट्राच्या कायद्याने कामगार संघटनेने मुद्दाम संथ काम करवून घेणं ही अनुचित प्रथा ठरवली. मग संथ म्हणजे किती, हे कशावरून ठरवायचं? मोजमापच नसेल तर सुपरवायझरचा आवाज हेच माप.

छोट्या कारखानदारालाही माझं हेच सांगणं आहे. मोठ्या कंपनीचं खरेदी खातं कॉस्टिंगच्या कागदावर सायकल टाइम लिहून देतं आणि मशीनच्या तासाच्या दराने गुणून जॉबवर्कचा भाव ठरवतं. अंबडमधला दोन सीएनसीवाला मालक तो आकडा गिळतो, कारण समोर ठेवायला त्याचा स्वतःचा अभ्यास नसतो. टूल बदलणं, पहिला नग पास करून घेणं, क्रेनची वाट पाहणं यातलं काही त्या आकड्यात नसतं. तोटा मग तो ऑपरेटरकडून वसूल करतो. या मालकाने एक आठवडा प्रामाणिकपणे मोजावं, भाव मागताना उपयोगी पडेल.

आणि वेळेच्या आधी पद्धत बघावी. कामातल्या हालचालींचा अभ्यास करणाऱ्या फ्रँक गिलब्रेथने वीटकामात विटा आणि चुना गवंड्याच्या कमरेइतक्या उंचीवर येतील अशी परांची केली, हालचाली 18 वरून पाचावर आल्या. माणसाला पळवलं नाही, वाकणं काढून टाकलं. आपल्या शेडमध्ये क्रेट अजून जमिनीवरच असतो. ऑपरेटर पाळीत चारशे वेळा वाकतो आणि आपण त्या वाकण्यावर घड्याळ लावतो. फूटभर उंचीचा अँगलचा स्टँड कुठलाही वेल्डर दुपारभरात करून देईल.

नाशिकमध्ये पगाराचे करार बहुतेक तीन वर्षांचे होतात आणि त्यांत उत्पादनवाढीचं कलम असतंच. तिथं टक्केवारीवर रात्ररात्र घासाघीस होते. माझं म्हणणं असं की त्या कलमाला स्टँडर्ड टाइमचा कागद जोडावा: टिपलेली सरासरी, रेटिंग, सुटीचा प्रत्येक टक्का वेगळा, पद्धत बदलली की फेरमोजणी. तो मराठीत असावा आणि मशीनशेजारी लावावा.

जिथं करार नाही, संघटना नाही, तिथं तर तो आधी लागावा. तिथं आयटीआयमधून सोमवारी आलेल्या पोराला मंगळवारी जुन्या ऑपरेटरचंच टार्गेट देतात. हात बसायला लागणारे दिवस धरणारा रकाना त्या कागदावर नसतोच, आणि बोट ठेवून विचारणारे मामाही त्याच्या शेजारी उभे नसतात.