सगळ्यांनी एकदम जेवायचं!

आमच्या सोलापुरात ताटात गरमागरम ज्वारीची भाकरी पडणं म्हणजे सुख. पण हे सुख खाणाऱ्याचं. थापणारी आई शेवटी एकटीच जेवते. म्हणून शनिवारी रात्री घरातल्या पुरुषांनी भरलेला पास्ता करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. शंखाच्या आकाराचा मोठा पास्ता अर्धवट उकडायचा. आत कुस्करलेलं पनीर आणि परतलेला पालक, वर टोमॅटोचा सॉस, किसलेलं चीज. ओव्हनमध्ये १८० अंशांवर २५ मिनिटं. ओव्हन नसेल तर कुकरच्या तळाशी मीठ, त्यावर स्टँड, शिट्टी आणि रिंग काढून मंद आच. वेळ थोडा जास्त लागतो. एकदा भांडं आत गेलं की गॅससमोर कुणी उभं राहायचं नाही. आपल्या कडक भाकरीतही हीच सोय आहे, बरं का! सोबत शेंगाचटणी चालेल. सबबी चालणार नाहीत :)