विश्लेषण : कानाच्या नसेवरील गाठ... किरणांनी ती जाते की फक्त थांबते?

एका कानाने कमी ऐकू येते, कानात सतत शिट्टी वाजते, चालताना तोल जातो. वय झाले म्हणून दुर्लक्ष होते आणि मग एमआरआयमध्ये कानाच्या नसेवर गाठ दिसते. तिचे नाव व्हेस्टिब्युलर श्वानोमा. गाठ म्हटले की घरात कर्करोगाची धास्ती बसते. ही गाठ मात्र कर्करोगाची नसते. ती संथ वाढते, अनेकदा वाढतही नाही.

चाकूविना ‘गॅमा नाइफ’

स्वीडनचे मेंदू शल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये रेडिओसर्जरीची कल्पना मांडली. गॅमा नाइफ यंत्रात कोबाल्टच्या सुमारे २०० स्रोतांचे किरण एका बिंदूवर एकवटतात. एकेक किरण दुबळा असल्याने वाटेतल्या मेंदूला फारशी इजा होत नाही. सगळे भेटतात तिथे मात्रा मोठी होते. सहसा १२-१३ ग्रे, तीही एकाच बैठकीत. कवटी उघडावी लागत नाही.

घोटाळा नावातच आहे. ‘सर्जरी’ म्हटले तरी गाठ काढली जात नाही. ती तिथेच राहते, बहुतेकांची वाढ थांबते. सुरुवातीच्या महिन्यांत काहींची गाठ किंचित फुगलेलीही दिसते. हे आधी सांगितले नसेल, तर रिपोर्ट पाहून रुग्ण हादरणारच.

घाई कशासाठी?

गेलेले ऐकू परत येत नाही, उरलेले टिकेल याचीही हमी नाही. नॉर्वेतील १०० रुग्णांवरील चाचणी २०२३ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. गाठी दोन सेंटिमीटरपेक्षा लहान होत्या. निम्म्यांना लगेच किरण दिले, उरलेल्यांवर फक्त लक्ष ठेवले. चार वर्षांनी पहिल्या गटातील गाठी सरासरीने आक्रसल्या, दुसऱ्यातील वाढल्या. ऐकण्यात मात्र ठळक फरक नव्हता. थांबलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांना तोवर कोणताच उपचार लागला नव्हता.

तेव्हा लहान गाठ दिसताच ‘उद्याच या’ म्हणणे रुग्णावर अन्याय करणारे आहे. वाढ दिसली, तर किरणांचा मार्ग उत्तम. गाठ मोठी होऊन मेंदूच्या देठावर दाबत असेल, तर शस्त्रक्रियाच बहुधा करावी लागते. तिथे किरणांचा हट्ट नको.

किरण घ्या किंवा थांबा, एमआरआय चुकत नाही. आधी वर्षाकाठी, पुढे अंतर वाढवत, पण कित्येक वर्षे. रुग्णालयाच्या पॅकेजमध्ये हा खर्च धरला आहे का, हे पैसे भरण्याआधीच विचारायला हवे.