उंदरांचे खाते



गेल्या वैशाखात आमची धाकटी भावजय पुण्याला मुलाकडे राहावयास गेली. मुलगा तेथे संगणकाच्या नोकरीत असून दोन मित्रांसह भाड्याच्या घरात राहतो. सोबत नेलेला आमरसाचा डबा ठेवावा म्हणून तिने फ्रीजचा वरचा कप्पा उघडला. तेथे एका झाकणाच्या डब्यात, कागदाच्या घड्यांमध्ये ओळीने मांडून ठेवलेली उंदरांची पिल्ले होती. त्या स्वयंपाकघरात तिने पुन्हा पाऊल टाकले नाही. तीन दिवस नात्यातल्या एका घरी जेवली आणि माझ्या पत्नीला दूरध्वनी करून म्हणाली, ‘‘ताई, ह्यांच्या कानावर घालू नका.’’ आमच्या एकत्र कुटुंबात असे म्हटलेली गोष्ट सायंकाळपर्यंत सर्वांच्या कानावर गेलेली असते. पुढचे सारे पुतण्याच्या संमतीने लिहीत आहे.

त्याने एक साप पाळला होता. जात कॉर्न स्नेक, मूळ अमेरिकेच्या आग्नेय भागातले, रंग नारिंगी, विष नाही. मक्याच्या कोठारांत उंदरांच्या मागावर येतो म्हणून हे नाव पडले असे काही सांगतात, तर काहींच्या मते पोटावरचे पट्टे मक्याच्या कणसासारखे दिसतात म्हणून. पहिली उपपत्ती आमच्यासारख्या धानवाल्यांना सहज पटण्याजोगी आहे. वडसा-देसाईगंजच्या आमच्या भातगिरणीत दर पावसाळ्यात एखादी धामण बारदानाच्या थप्पीमागे निघतेच. सर्पमित्र येऊन तिला रानात सोडतो आणि हमाल त्यावर नाराज होतात, कारण धामण गेली की घुशी वाढतात हे त्यांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते.

सापासाठी उंदीर विकत घेणे महाग पडते, शिवाय ते वेळेवर मिळतीलच असे नाही. म्हणून चिरंजीवांनी घरातच उंदरांची पैदास मांडली. एका टबात एक नर व तीन माद्या. मादी सुमारे वीस दिवसांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्ले देते आणि व्याल्यानंतर दिवसाच्या आत पुन्हा गाभण राहू शकते. पिल्ले जन्मतः केसांवाचून गुलाबी असतात. दोन आठवड्यांनी त्यांचे डोळे उघडतात, तीन आठवड्यांनी ती आईपासून वेगळी करता येतात आणि दोन महिन्यांच्या आत स्वतःच प्रजननक्षम होतात. सापवाल्यांच्या भाषेत पहिल्या अवस्थेला ‘पिंकी’ म्हणतात, केसांची लव आली की ‘फझी’, उड्या मारू लागली की ‘हॉपर’. सापाच्या वयाप्रमाणे माप ठरते. ठरलेल्या दिवशी त्यांना वायूने गुंगवून मारायचे, गोठवायचे आणि लागेल तेव्हा कोमट पाण्यात ऊब आणून सापापुढे धरायचे. जिवंत उंदीर सापाला चावून जखमी करतो, म्हणून ही रीत.

टबातले अंथरूण धानाच्या तुसाचे होते. दिवाळीत ‘‘झाडांना घालायला’’ म्हणून आमच्याच गिरणीतून त्याने दोन पोती तूस नेले होते, आणि ते मी स्वतः गाडीत ठेववले होते.

आषाढात तो घरी आला तेव्हा आईने, म्हणजे त्याच्या आजीने, एकच प्रश्न विचारला, ‘‘दुधावर राहणार नाही का रे तो?’’ चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईने जन्मभर नागपंचमीला गारुड्याच्या टोपलीपुढे वाटी ठेवलेली पाहिली आहे. तो आदराने म्हणाला, ‘‘आजी, साप दूध पचवू शकत नाही. जगातला एकही साप धान्य, फळ, पाला खात नाही.’’ आपल्या वर्ध्याकडे एक अंडीखाऊ साप आहे. फार वर्षे तो कुणाला दिसला नव्हता, पुढे पुन्हा आढळला. परंतु तोही पक्ष्यांच्या अंड्यांवरच जगतो.

मग त्याने शेवटचे अस्त्र काढले. ‘‘भद्रावतीला आपण दर्शनाला जातो. पार्श्वप्रभूंच्या मस्तकावर नागाचाच फणा आहे ना?’’ आहे. पण जळत्या ओंडक्यातल्या नागाची प्रभूंना करुणा आली, त्यांनी तो करंडीत घालून घरी आणला नाही. आणि ज्याने अन्नच सोडले असा चंडकौशिक एकच झाला. बाकीच्या सापांना खावे लागते.

कायद्याची बाजू त्याने मला नीट समजावली. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे आपल्या देशातले साप घरात बाळगता येत नाहीत. परदेशी जातींचे तसे नव्हते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर मात्र ‘साइटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले प्राणी, उदाहरणार्थ बॉल पायथन, बाळगणाऱ्याने नोंदवावे लागतात. २०२४ च्या नियमांनी ही नोंद ‘परिवेश’ संकेतस्थळावर होते. कॉर्न स्नेक त्या यादीत नाही, म्हणून माझी बाजू स्वच्छ, असे त्याचे म्हणणे होते. कायद्यापुरती ती होतीही.

मी व्यापारी मनुष्य, हिशेब मांडला. मोठ्या झालेल्या सापाला दहा दिवसांस एक उंदीर, म्हणजे वर्षाला छत्तीस. हा साप पंधरा-वीस वर्षे जगतो. पंधराच धरली तरी पाचशे चाळीस. धामण आपल्या गिरणीत याहून कमी खात नसेल, पण ते उंदीर आपण जन्माला घातलेले नसतात. येथे जन्माची तारीख आपण ठरवतो आणि मरणाचीही. आपल्याकडे हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार भाग सांगितले आहेत. गृहस्थाला शेवटच्या तीन पूर्णपणे टाळता येत नाहीत, पहिली मात्र टाळलीच पाहिजे. मारण्यासाठीच वाढवणे याला संकल्पी म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

शिवाय जास्तीचे उंदीर तो इतर सापवाल्यांना विकत होता. ‘‘पेट्रोलचा खर्च निघतो,’’ म्हणाला. रक्त व्यापाऱ्याचे, निघणारच! हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात श्रावकाला वर्ज्य अशी पंधरा कर्मादाने आहेत, त्यांत असतीपोषण येते. मैना, पोपट, मांजर, कुत्रा, कोंबडा, मोर यांना द्रव्यासाठी पोसणे आचार्यांनी त्यात धरले आहे. ते वाचताना आजोबांच्या ओसरीवरचा पिंजऱ्यातला पोपट आठवून मी थोडा ओशाळलो.

खरी अडचण पुढे होती. भावजय म्हणाली, ताडोब्याच्या जंगलात सोडून द्या. परदेशी प्राणी येथल्या रानात सोडणे म्हणजे एक तर त्याला मारणे, नाही तर रानाला नवे दुखणे देणे. सर्पमित्राने तर हात जोडले. मग घरात ठेवून उपाशी ठेवायचा? पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात म्हणतो. बंध त्यांत पहिला आहे आणि भक्तपान-विच्छेद, म्हणजे आश्रिताचे अन्नपाणी तोडणे, शेवटचा. पिंजऱ्यात घातला तेव्हा पहिला घडला, आणि उपाशी ठेवला तर पाचवा घडणार. खायला घातले तर उंदीर जातात. जीव घरात आणल्यानंतर यातून निर्दोष वाट मला सापडली नाही. वाट होती ती आणण्याच्या आधी, दुकानात उभे राहून ‘हा खातो काय’ एवढे विचारण्याची. मासे, कासव, पक्षी मागणारी लहान मुले आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आहेत.

हे सारे मी जरा मोठ्या आवाजात सांगितले असावे, कारण पोरगा प्रथमच ताठ झाला. म्हणाला, ‘‘काका, गिरणीत दर महिन्याला गोळ्या ठेवणारा माणूस येतो, त्याचे बिल कुणाच्या सहीने निघते?’’

बिल माझ्या सहीने निघते. विषारी गोळ्या, चिकट पुठ्ठे, सगळे त्यात आले. पुठ्ठ्याला चिकटलेला उंदीर दोन-दोन दिवस जिवंत असतो हे मी पाहिलेले आहे आणि पाहून दुसऱ्या दारातून निघून गेलेलो आहे. खतावणीत तो खर्च ‘गोदाम दुरुस्ती’खाली पडतो. उद्योगी हिंसा हा शब्द माझ्या ओठांवर आला होता, तो मी गिळला. त्याने निदान आपल्या हाताने केले आणि डब्यावर तारीख लिहून ठेवली. मी कंत्राटदाराचे नाव लिहिले.

साप शेवटी त्याने पुण्यातल्याच एका जाणकार पाळणाऱ्याला विनामूल्य दिला. यात पुण्य काही नाही. खाते दुसऱ्याच्या नावे वर्ग झाले, बाकी जशीच्या तशी. पण उरलेले तेवीस उंदीर त्याला द्यावेनात. साप घेणाऱ्याने ते मागितले होते. पोराने ‘मेले’ म्हणून सांगितले, असत्याचाही दोष पत्करला, आणि तीन खोक्यांत घालून त्यांना चंद्रपूरला आणले.

नर आणि माद्या वेगळ्या ठेवल्या आहेत, नाही तर तेवीसचे दोनशे व्हायला वेळ लागणार नाही. नरांच्या मुताचा उग्र वास येतो म्हणून त्यांची खोकी मागच्या पडवीत असतात. आपसांत भांडणाऱ्या दोघांना स्वतंत्र खोके दिले आहे. उंदीर दीड-दोन वर्षे जगतो. हे लिहीत असता चौदा शिल्लक आहेत. आई सामायिक आटोपली की हातात बाजरीची वाटी घेऊन पडवीत जाते आणि त्यांना रागावत रागावत खायला घालते.

गिरणीत दारांच्या तळाशी पत्रा ठोकला, गटारांच्या तोंडांना जाळी बसवली, थप्प्या भिंतीपासून दोन हात लांब घेतल्या. उंदीर कमी झाले, संपले नाहीत. चिकट पुठ्ठे मी बंद करवले. गोळ्यांचे कंत्राट चालू आहे. ते मोडायला दोन भागीदारांची संमती लागते आणि त्यांतल्या एकाचे गेल्या वर्षी चाळीस पोती तांदूळ कुरतडले गेले होते. बैठक पाडव्याला, चोपडापूजनानंतर ठेवली आहे. पुतण्याही येणार आहे.