आहेर मागायला शिका

बारशाच्या आमंत्रणाखाली ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ टाकली की आपली सुटका झाली, असं इथे कॅनडात आपल्या मराठी मंडळातल्या बऱ्याच तरुण आईबापांना वाटतं. उरलेले इथल्या दुकानात केलेल्या हव्या त्या वस्तूंच्या यादीची लिंक सगळ्यांना धाडतात. गावाकडच्या नातेवाइकांपुरतं बोलायचं तर दोन्ही मार्ग चुकीचे, आणि त्यातही पहिला अधिक. लिंक निदान काहीतरी मागते तरी.

माझं माहेर तिसगावचं. नगरहून पाथर्डीला जाताना करंजी घाट ओलांडला की लागतं ते. आमच्या लहानपणी तिथे बाळाला काय न्यायचं हा प्रश्न कुणाला पडत नसे, कारण उत्तर ठरलेलं असे. आजोळकडून बाळंतविडा, म्हणजे झबली, टोपडी, दुपटी, लंगोट, शिवाय बाळंतिणीला साडी आणि डिंकाचे लाडू. आत्या कुंची आणणार, बाळाच्या कानात नाव सांगणार आणि साडीचा मान घेऊन जाणार. वाळे नाहीतर करदोडा मामाचा. शेजारपाजार, चुलतमावस यांचं एखादं झबलं किंवा हातावर ठेवलेली नोट. म्हणजे यादी होतीच. ती फक्त कागदावर नव्हती, थोरल्या बायकांच्या तोंडी होती. म्हणून ‘मागणं आपल्यात बसत नाही’ असं कुणी म्हणालं की मला गंमत वाटते. आपल्यात मागावंच लागत नव्हतं, इतकं सगळं सांगून झालेलं असायचं.

घुगऱ्या वाटून झाल्या की घरातलं लिहितं माणूस वही घेऊन बसे. माझ्या आईची वही अजून आहे. डावीकडे नाव आणि गाव, उजवीकडे वस्तू किंवा रक्कम. काही नावांवर आडवी रेघ. रेघ म्हणजे आहेर फेडला. मढीच्या एका मावशींच्या नावापुढे ‘टोपडं, ११ रु.’ एवढंच आहे, आणि खाली वेगळ्या शाईत ‘धाकटीच्या बारशाला दिले’. ज्यांच्याकडे माझ्या आईने आयुष्यभर झबली-टोपडी नेली, त्यांना आता तिच्या नातवंडासाठी तुम्ही ‘काही आणू नका’ सांगता. त्यांच्या वहीतली रेघ मारायची राहून जाते. तुम्हाला तो साधेपणा वाटतो; त्यांच्या कानाला तो ‘तुमचं आम्हाला चालत नाही’ असाच ऐकू येतो.

आणि गप्प बसलं तर? तर ते अंदाज बांधतात, आणि अंदाज नेहमी महागाकडे झुकतो. परदेशातल्या बाळाला हलकं कसं द्यायचं, ही त्यांची अडचण. पाथर्डी तालुक्यातली कितीतरी कुटुंबं मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला बाहेर पडतात. आपल्या भाऊबंदांतही अशी घरं असतात, हे इथे राहून विसरायला होतं. सोन्याचा दहा ग्रॅमचा भाव २०२५मध्ये लाखाच्या वर गेला. म्हणजे बाळाच्या बोटात जेमतेम बसणारी ग्रॅमभराची अंगठीसुद्धा दहा हजारांच्या पुढे. ती आणणाऱ्याने कुणाकडून हातउसने घेतले हे आपल्याला कधीच कळत नाही. आपण ती लॉकरमध्ये ठेवतो, कारण पाळणाघरात अंगठी घालून पाठवता येत नाही.

पैशापलीकडे दुसरी अडचण आहे आणि तिथे भिडस्तपणा मुळीच कामाचा नाही. प्रेमाने आलेल्या काही वस्तू इथले डॉक्टर बाळाजवळ येऊच देत नाहीत. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी येते; वर्षाच्या आतल्या बाळाच्या पाळण्यात उशी, सैल पांघरूण काहीच नको, असं इथे सांगतात. वर्षाआधी मध चाटवायचा नाही, कारण त्यातून बोट्युलिझम होऊ शकतो. काजळ-सुरम्यात शिसं सापडल्याचे इशारे आहेत. कानिफनाथांच्या मढीहून आलेला काळा दोरा गळ्यात बांधून बाळाला झोपवणं धोक्याचं. आमच्याकडे तो देवघरात असतो आणि मावशींना तसं सांगितलेलंही आहे. चाकांचा, आत बसायचा वॉकर तर कॅनडात २००४पासून विकायला आणि आणायलाही बंदी आहे. बाळं त्यातून जिन्यावरून पडत होती. हे सगळं बॅग भरून झाल्यावर सांगितलं तर रुसवा होणारच. सातव्या महिन्यात सांगा.

सांगायचं कुणी, यावर माझं मत ठाम आहे: ज्याची नाती त्याने. सुनेने सासरच्या आत्याला ‘मोहरीची उशी नको’ म्हटलं की सून शहाणपणा शिकवते असं होतं. भाच्याने म्हटलं की ‘डॉक्टर ओरडतात का रे?’ एवढ्यावर भागतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर तर नकोच. आधी घरातल्या थोरल्या बाईला एकटीला फोन करावा, बाकीच्यांपर्यंत पोचवायचं काम ती आपल्यापेक्षा चांगलं करते.

आणि नुसतं ‘हे नको’ सांगून फोन ठेवायचा नाही. प्रत्येकाला त्याच्याच हातचं काहीतरी मागायचं. आजीला जुन्या नऊवारीची गोधडी मागा. ती पाळण्यात नाही, पण जमिनीवर बाळाला पालथं टाकायला तिच्यासारखं मऊ अंथरूण इथल्या कुठल्याही दुकानात मिळत नाही. वॉकर घ्यायला निघालेल्या आजोबांना सुताराकडून लाकडी पांगुळगाडा करून घ्या म्हणावं. बाळ त्यात बसत नाही, उभं राहून ढकलतं. तो इकडे आणायची गरज नाही, गावी गेलं की अंगणात फिरवायला होतो. आत्याची कुंची फोटोपुरती का होईना, घालावीच.

नातीच्या नावाने सुकन्या समृद्धीचं खातं काढतो म्हणणारे आजोबा तर घरोघरी आहेत. ते पोस्टात जाऊन रांगेत उभे राहण्याआधी सांगायला हवं, की मुलगी भारताची रहिवासी नसेल तर हे खातं उघडता येत नाही. त्यांची इच्छा मात्र वाया घालवू नये. गावात एखादी चुलत नात दहा वर्षांच्या आतली असेल, तर तिच्या आईबापांनी खातं उघडावं आणि आजोबांनी त्यात भर घालावी. वर्षाला किमान २५० रुपये भरले तरी ते चालू राहतं. आपल्या बाळाच्या जन्माचा आहेर दुसऱ्या मुलीच्या नावावर गेला तर आपलं काही बिघडत नाही.

एवढं करूनही कुणीतरी अंगठी आणतंच. तेव्हा वाद घालू नये. घ्यावी, बाळाच्या बोटात घालून फोटो पाठवावा, वहीत लिहावं.

ही वही उलट बाजूने मात्र आपण कुणी उघडत नाही. तिकडे बाळ झालं की आपण न विचारता चॉकलेटं आणि सेलमधले जाड कपडे नेतो. मागच्या खेपेला माझ्या भाचेसुनेने निघण्याआधीच फोन केला. ‘मावशी, रागवू नका, पण ते लोकरीचं आणू नका. नगरच्या उन्हात पोराला कधी घालू? थर्मामीटर आणा चांगला, आणि माझ्यासाठी चप्पल. सहा नंबर.’

थर्मामीटर तर नेलाच, आणि चप्पलही. इकडचा सहा आणि तिकडचा सहा वेगळा असतो म्हणून तिने पायाचा ठसा कागदावर काढून त्याचा फोटो पाठवला होता.