रोबो सगळ्यांचा सारखाच, मग खरी गोष्ट त्याच्या पायाखालच्या जमिनीत का? समजून घ्या गनप्ला डायोरामा

अर्धवट कोसळलेला उड्डाणपूल. त्याला टेकून बसलेला हिरवा, एका डोळ्याचा रोबो. एक हात गायब, खांद्यावर गंज, पायाच्या सांध्यात उगवलेलं गवत. आणि त्याच्या गुडघ्याजवळ मुंगीएवढा एक माणूस, मान वर करून बघतोय.

असा फोटो तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी आला असेल. खाली हमखास एक कमेंट असते, 'एआयने बनवलंय ना?'

बऱ्याचदा उत्तर असतं, नाही. ते प्लास्टिक, फोम, प्लास्टर आणि कुणाच्या तरी कित्येक रात्री असतात. या प्रकाराला म्हणतात गनप्ला डायोरामा.

गनप्ला म्हणजे नेमकं काय?

'गंडम' आणि 'प्लास्टिक मॉडेल' हे दोन शब्द जोडून 'गनप्ला' झाला. 'मोबाइल सूट गंडम' ही जपानी अ‍ॅनिमे मालिका ७ एप्रिल १९७९ ला सुरू झाली. तेव्हा ती फारशी चालली नाही. ५२ भाग ठरले होते, ४३ भागांतच गाशा गुंडाळावा लागला.

पण जुलै १९८० मध्ये बंदाई कंपनीने या मालिकेतल्या रोबोचं जोडणी-किट बाजारात आणलं. माप १/१४४, किंमत ३०० येन. मालिकेला पुन:प्रक्षेपणातून प्रेक्षक मिळत गेले आणि किटवर मुलांच्या उड्या पडल्या. त्या अक्षरशः पडल्या म्हणायला हरकत नाही. १९८२ मध्ये जपानमधल्या एका दुकानात किट घ्यायला धावलेल्या मुलांची सरकत्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली, त्यात काही मुलं जखमी झाली.

आजवर अशी ७० कोटींहून जास्त किट विकली गेली आहेत.

आत्ता हा विषय का?

२०२५ मध्ये गनप्लाला ४५ वर्षं झाली. त्याच वर्षी ओसाकाच्या वर्ल्ड एक्स्पोमध्ये एक गुडघा टेकून आकाशाकडे हात उंचावलेला, सुमारे १७ मीटर उंच गंडम उभा होता. तो बघायला जगभरातून लोक आले, आणि रील्समधून तो त्याहून कितीतरी जास्त लोकांपर्यंत पोहोचला.

दुसरं कारण टंचाई. करोनाकाळात घरी बसलेल्या लोकांनी हा छंद धरला आणि मागणी पुरवठ्याच्या पुढे गेली. जपानमध्ये नवं किट आलं की रांगा लागतात, दुकानदार 'एकाला एकच' अशी मर्यादा घालतात, आणि तरीही तेच बॉक्स थोड्याच वेळात ऑनलाइन चढ्या भावात दिसतात. उत्पादन वाढवायला बंदाईने शिझुओकामध्ये नवा कारखाना उभारला, तो २०२५ मध्ये सुरू झाला.

म्हणजे एकाच वस्तूकडे बघायच्या दोन नजरा तयार झाल्या आहेत. एकासाठी ते न उघडता ठेवायचं, भाव वाढला की विकायचं खोकं. दुसऱ्यासाठी ते फोडायचं, कापायचं, घासायचं आणि चिखलात उभं करायचं प्लास्टिक. डायोरामावाले या दुसऱ्या गटातले.

रोबो बनवला, झालं की! जमीन कशाला?

८० च्या दशकातलं किट गोंद लावून चिकटवावं लागे आणि रंगही स्वतः द्यावा लागे. जोडणी नीट जमली तरी ते कौतुक असायचं. आजच्या किटचे भाग खटकन एकमेकांत बसतात आणि कारखान्यातूनच रंगीत येतात. शाळेतलं पोरही एका दुपारी बऱ्यापैकी रोबो उभा करू शकतं.

ही चांगलीच गोष्ट आहे. पण मग पुण्यातल्या, ओसाकातल्या आणि साओ पावलोतल्या शेल्फवरचा रोबो अगदी सारखाच दिसतो. तुमचं त्यात काय?

उत्तर पायाखाली आहे. रोबो कुठे उभा आहे, जिंकून की हरून, लढाईच्या आधी की तीस वर्षांनी, आजूबाजूला कोण आहे, हे कुठल्याच बॉक्समध्ये येत नाही. ते तुम्ही ठरवता. किट सोपं होत गेलं, तसं कसब जमिनीत उतरलं.

ही कल्पना गंडमवाल्यांची एकट्यांची नव्हे. 'डायोरामा' हा शब्द १८२२ मध्ये पॅरिसमध्ये लुई दागेर यांनी उघडलेल्या भव्य चित्र-देखाव्याच्या खेळावरून आला. १९७० च्या दशकात अमेरिकेत शेपर्ड पेन यांनी मोनोग्राम कंपनीच्या किटसोबत येणाऱ्या पत्रकांतून रणगाडे आणि विमानांचे देखावे कसे करायचे ते शिकवलं. १९८१ मध्ये जपानच्या 'हॉबी जपान' मासिकाने 'हाऊ टू बिल्ड गंडम' हा विशेषांक काढला आणि रणगाड्यांवर वापरला जाणारा गंज, चिखल, ओरखडे थेट रोबोवर आले.

१८ मीटर, साडेबारा सेंटीमीटरमध्ये

डायोरामाचा सगळा खेळ एका फसवणुकीचा आहे. तळहाताएवढी वस्तू सहा मजली इमारतीएवढी वाटली पाहिजे.

मूळ गंडमची उंची १८ मीटर. १/१४४ मापात ती साडेबारा सेंटीमीटर होते. याच मापात पावणेदोन मीटरचा माणूस जेमतेम १.२ सेंटीमीटर भरतो. रोबोशेजारी हा माणूस ठेवला की डोळा आपोआप हिशेब करतो. तो काढून घेतला की रोबो परत खेळणं.

ही माणसं, घरं, विजेचे खांब आणायचे कुठून? रेल्वे मॉडेलच्या दुकानातून. जपानमधल्या लहान मापाच्या रेल्वे मॉडेलचं प्रमाण १/१५० असतं. १/१४४ च्या शेजारी हा चार टक्क्यांचा फरक कुणाच्या लक्षात येत नाही.

मग वजन. मालिकेच्या माहितीनुसार पूर्ण सज्ज गंडम ६० टनांचा. एवढं धूड डांबरावर उभं राहिलं तर रस्ता खचणार, कडेला भेगा जाणार. नवशिके इथेच फसतात. पाऊल सपाट जमिनीवर नुसतं ठेवलं की खाली केसभर फट राहते आणि रोबो तरंगतो. म्हणून जाणकार ओल्या प्लास्टरमध्ये पाऊल दाबून आधी ठसा घेतात.

बाकी सामान बरंचसं घरातलंच. डोंगरासाठी फोमचे थर, मातीसाठी वापरलेली, वाळवलेली कॉफी पावडर, ढिगाऱ्यासाठी कॉर्कचे तुकडे, चिकटवायला पाणी घातलेला फेव्हिकॉल. किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले असतात, ती चौकटही फुकट जात नाही. कापून तिचे गर्डर आणि पाइप होतात.

शेवटी कॅमेरा. फोटो वरून काढला तर टेबल दिसतं. तोच फोन उलटा करून, लेन्स जमिनीला टेकवून, त्या १.२ सेंटीमीटरच्या माणसाच्या नजरेतून काढला तर शहर दिसतं.

पण हे युद्ध सुंदर करून दाखवणं नाही का?

हा प्रश्न टाळता येत नाही. एका स्क्रोलमध्ये गाझा किंवा युक्रेनमधली खरी पडझड, पुढच्याच स्क्रोलमध्ये कुणीतरी हौसेने रंगवलेला ढिगारा. दोन्ही ठिकाणी त्याच वाकलेल्या सळया, तीच धूळ.

इथे मूळ मालिका आठवावी लागते. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो यांचा जन्म १९४१ चा, म्हणजे युद्धकाळातला. त्यांच्या गंडमच्या सुरुवातीलाच निवेदक सांगतो की या युद्धात निम्मी मानवजात मेली आहे. लढणारी मुलं शाळकरी वयाची आहेत आणि शत्रूच्या गटातही भली माणसं आहेत. शेवटच्या लढाईत नायकाच्या रोबोचं डोकं उडतं, एक हात तुटतो, आणि त्याच अवस्थेत तो वर नेम धरून शेवटची गोळी झाडतो. चाहते आजही पुन्हा पुन्हा बनवतात तो प्रसंग हाच. चकचकीत विजेता नव्हे, मोडलेलं यंत्र.

तरीही नुसता मोडका रोबो दाखवला म्हणजे युद्धविरोध झाला, असं नाही. स्फोट, ज्वाळा, शस्त्रं आणि एकही माणूस नाही, असे डायोरामा ढिगाने दिसतात. ते बघायला जबरदस्त असतात आणि त्यात कुणाचंच काही बिघडलेलं नसतं. याउलट त्याच ढिगाऱ्यात एक उलटी सायकल ठेवली, वाळत घातलेले कपडे ठेवले, की प्रश्न बदलतो. रोबो कोणता, हे कुणी विचारत नाही. इथे कोण राहत होतं, हे विचारतात.

हा निर्णय मालिका घेत नाही, कंपनीही घेत नाही. तो बनवणारा घेतो.

आपल्याकडे काय परिस्थिती?

भारतात हा छंद वाढतोय, पण महाग पडतो. अशी किट आयातशुल्काच्या भाषेत खेळण्यांच्याच रकान्यात येतात. खेळण्यांवरचं मूळ आयातशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएस प्रमाणपत्रही सक्तीचं आहे. देशी खेळणी उद्योगाला संरक्षण आणि मुलांची सुरक्षितता ही त्यामागची कारणं. मात्र तिशीतल्या हौशी माणसाने मागवलेलं परदेशी किटही त्याच चाळणीत अडकतं.

जमिनीचं मात्र तसं नाही. तिला शुल्क लागत नाही. दिवाळीत दगड-मातीचा किल्ला करून त्यावर अळीव पेरलेल्या, बुरुजाएवढा मावळा उभा केलेल्या प्रत्येकाने डायोरामा केलेलाच आहे, फक्त मापाचा हिशेब न करता. त्यामुळे सुरुवात करायची असेल तर सगळ्यात महाग किट शोधत बसू नका. एक साधं १/१४४ चं किट, फोमचा तुकडा आणि फेव्हिकॉल पुरेसं आहे.

आणि पुढच्या वेळी असा फोटो फीडमध्ये आला, तर रोबोकडे नंतर बघा. आधी त्याच्या पायाशी कोण आहे ते शोधा.