मधात येणारी जाहिरात

दिवाळीत मुलाने माझ्या फोनवर यूट्यूबचं ‘प्रीमियम’ सुरू करून दिलं. "आई, आता तुझ्या कीर्तनात कोणी साबण विकायला येणार नाही," म्हणाला. आणि खरंच, तेव्हापासून निरूपण अखंड ऐकायला मिळतं. भारतात ही सोय 2019 मध्ये आली, तेव्हा एकट्या माणसाला महिन्याचे 129 रुपये पडत. 2024 मध्ये त्याचे 149 झाले आणि कुटुंबाच्या योजनेचे 299. आमची कुटुंबाची. मी खूश होते… अगदी परवापर्यंत.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई दुर्गापूरहून येतात. त्यांची मुलगी यंदा दहावीला आहे. रविवारी आईसोबत येते आणि ऊर्जानगरातल्या आमच्या व्हरांड्यात बसून आईच्या फोनवर गणित शिकते. परवा वर्गसमीकरणं चालली होती. मास्तर अवयव पाडायला लागले आणि तेवढ्यात कोणी तरी ओरडलं, घरबसल्या झटपट कर्ज! मी दचकले. पोरगी शांत.

"आजी, येतेच ते मधात. पाच सेकंद थांबा लागते, मग काढता येते."

मंडळी, मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. तास रंगात आलेला असताना शिपाई सूचनेची वही घेऊन आला, की माझ्या पोटात गोळा यायचा. सही करायला अर्धं मिनिट, पण पोरांना परत धड्यात आणायला पाच मिनिटं लागायची. या मुलीच्या एका धड्यात असे दोन-तीन शिपाई येऊन जातात, आणि येऊन कर्ज विकतात!

म्हणजे झालं काय? माझ्या सत्तरी उलटलेल्या कानांना शांतता मिळाली, कारण मुलगा पैसे भरतो. जिला परीक्षा द्यायची आहे तिला ती नाही. विद्यार्थ्यांसाठी स्वस्त योजना आहे, पण ती कॉलेजात शिकणाऱ्यांना. आमच्या योजनेत तिला घ्यावं, तर ती एकाच घरात राहणाऱ्यांसाठी.

पैसे भरण्याला माझा विरोध नाही, बरं का. माझे वडील रेडिओसाठी वर्षाला 15 रुपये लायसन्स भरायचे, पोस्टात जाऊन. मूलजवळच्या आमच्या खेड्यात तेव्हा मोजकेच रेडिओ होते. पैसे भरणारे वडील एकटे, पण संध्याकाळी ओट्यावर अर्धी गल्ली बातम्या ऐकायला बसायची. जाहिराती तेव्हाही आल्याच. विविध भारतीवर 1 नोव्हेंबर 1967 पासून मुंबई, पुणे आणि आपल्या नागपूरला त्या सुरू झाल्या. पण त्या लागल्या तर सगळ्यांना, आणि नसल्या तर कोणालाच नाही. आता पैसे भरणाऱ्याची शांतता त्याच्या एकट्याच्या कानात असते. शेजारी बसलेल्याला तिचा काही उपयोग नाही.

बरं, विकत घेतलेली शांतता तरी टिकते का? प्राइम व्हिडिओची वर्गणी लोक भरतच होते. 2025 च्या जूनपासून तिथेही जाहिराती आल्या, आणि त्या नको असतील तर वर्षाचे आणखी 699 रुपये ठेवले.

कोणी म्हणेल, जाहिराती नसतील तर त्या गणिताच्या मास्तरांचं पोट कसं भरायचं? बरोबर आहे. त्यांना पैसे मिळायलाच हवेत. पण जाहिरात धड्याच्या आधी दाखवा, नंतर दाखवा. मधात नको. आणि मुलांच्या अभ्यासात कर्जाची तर नकोच नको. कायद्याने असं काही करता येत नाही असंही नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, त्यांच्या जाहिरातींसकट. मग शालेय धड्यांसाठी एक साधा नियम का होऊ नये?

सरकारचं ‘दीक्षा’ आहे. तिथे पैसे नाहीत, जाहिराती नाहीत. पण ही पोरगी तिथे जात नाही, कारण तिला समजेल असं शिकवणारे मास्तर तिला दुसरीकडे सापडले. माझ्या शिक्षक मित्रमैत्रिणींनो, हा आपल्याला टोमणा आहे. आपल्यातले उत्तम शिकवणारे तिथे का नाहीत?

तोवर मी माझ्यापुरता मार्ग काढला आहे. रविवारी दहा ते बारा माझा फोन तिचा. कीर्तन दुपारी ऐकते. परवा ती म्हणाली, "आजी, तुमच्या फोनात मास्तर थांबतच नाही जी!"

ऐकून बरं वाटलं, आणि वाईटही. दुर्गापुरात अशा कितीतरी मुली असतील, आणि माझ्याकडे फोन एकच आहे.

असो. तुमच्या घरी कोणाचा फोन रविवारी दोन तास रिकामा असतो का? जरूर कळवा.