अळवावरचा रंग

काही वर्षांपूर्वी, जानेवारीतल्या एका गार सकाळी, मी आमच्या जुन्या मोटारीच्या दारांवरील प्लास्टिकच्या पट्ट्या रंगवायला घेतल्या. ऊन खाऊन त्या फिक्या पडल्या होत्या. स्क्रू ड्रायव्हरने उचकटताना दोन क्लिपा कटकन मोडल्या. उरलेल्या पट्ट्या साबणाने धुतल्या, वाळवल्या आणि फवाऱ्याच्या डब्याने काळ्या केल्या. काम झकास दिसत होते. मग मे महिना आला आणि तो रंग सापाच्या कातेसारखा सोलून निघाला.

शेजारच्या गॅरेजात रंगकाम करणारा तरुण हा माझाच जुना विद्यार्थी. बारावीनंतर त्याने शिक्षण सोडले. पट्टी हातात घेऊन तो म्हणाला, “सर, हे अळवाचं पान आहे. याच्यावर रंग बसत नाही, बसवावा लागतो.” वर्षानुवर्षे वर्गात पृष्ठताण शिकवणारा मी ओशाळून गेलो.

त्याच्या वाक्यात किती विज्ञान आहे ते पाहा. पट्टीच्या मागच्या बाजूला ‘पीपी’ अशी अक्षरे उठवलेली होती. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. इटलीच्या ज्युलिओ नाट्टा यांनी 1954 साली ते स्फटिकरूपात मिळवले. पुढे 1963 चे नोबेल पारितोषिक त्यांना कार्ल त्सिग्लर यांच्यासह मिळाले. या प्लास्टिकची पृष्ठऊर्जा फार कमी, मीटरला सुमारे 30 मिलिन्यूटन. पाण्याचा पृष्ठताण आहे 72. म्हणून पाण्याचा थेंब त्यावर पसरत नाही, फुगून बसतो. त्याचा स्पर्शकोन मोठा असतो. अळवाच्या पानावर मेणाबरोबर सूक्ष्म खडबडीतपणाही असतो, त्यामुळे तेथे थेंब मोत्यासारखा गोल होतो. पॉलिप्रॉपिलीनवर तो तितका गोल होत नाही, पण जात तीच.

मोटारीतील काही भागांवर मात्र ‘एबीएस’ अशी अक्षरे असतात. रंगातील थिनर या प्लास्टिकचा पृष्ठभाग किंचित मऊ करतो आणि रंग आत दात रोवतो. पॉलिप्रॉपिलीनवर थिनरची अशी मात्रा चालत नाही. म्हणून आधी पॉलिश पेपरने घासून बारीक ओरखडे पाडायचे, तेल-मेण पुसून काढायचे आणि मग प्लास्टिकसाठीच्या खास प्रायमरचा पातळ हात द्यायचा. त्यात बहुधा क्लोरीनयुक्त पॉलिओलेफिन असते. त्याच्या रेणूचा काही भाग प्लास्टिकशी जुळतो, काही भाग रंगाशी. सिरोंच्याच्या बाजारात मराठी आणि तेलुगू बोलणाऱ्यांमध्ये एखादा दुभाष्या उभा राहावा, तसा हा थर.

आता आमच्या चंद्रपूरच्या हवेकडे वळू. मे महिन्यात येथे पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि उन्हात बंद उभ्या केलेल्या मोटारीत डॅशबोर्ड 70 अंशांच्याही वर तापू शकतो. जानेवारीच्या पहाटे तोच 10 अंशांच्या आसपास असतो. फरक 60 अंशांचा! शुद्ध पॉलिप्रॉपिलीन दर अंशाला आपल्या लांबीच्या सुमारे दहा हजाराव्या भागाने वाढते. म्हणजे एक मीटरची पट्टी सहा मिलिमीटर वाढणार. पोलादाची तेवढीच पट्टी एक मिलिमीटरही वाढत नाही. रंगाचा थर प्लास्टिकबरोबर ताणला गेला नाही, तर तो तडकतो किंवा सुटतो. माझ्या क्लिपा का मोडल्या, तेही आता कळेल. गार प्लास्टिक कमी लवते. थोडे ऊन लागू दिले असते आणि प्लास्टिकची पट्टी वापरून हलके उचकटले असते, तर त्या वाचल्या असत्या.

रंगाला ऋतूही पाहावा लागतो. मे महिन्यात थिनर वाटेतच उडून जातो आणि रंग खरखरीत बसतो. पावसाळ्यात बाष्पीभवनाने पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतील बाफ धरते आणि रंगावर पांढुरकी छटा येते. आमच्याकडे हिवाळ्यातली दुपार उत्तम.

काही गोष्टी मात्र करूच नयेत. डॅशबोर्डचा वरचा भाग चकचकीत किंवा फिक्या रंगाने रंगवू नये. त्याचे प्रतिबिंब समोरच्या काचेत पडून रस्ता झाकला जातो. तो गडद आणि निस्तेज ठेवतात तो याचसाठी. जेथे एअरबॅगची खूण आहे, तो भाग जाणकाराशिवाय कोणी काढू नये.

आता माझे म्हणणे सांगतो. ‘गॅरेजचे काम म्हणजे अभ्यासात न चमकलेल्या मुलांचे काम’ ही आपली समजूत चुकीची आहे, आणि तिचे नुकसान दोन्हीकडे होते. वर्गातला विद्यार्थी स्पर्शकोनाची व्याख्या पाठ करतो, पण हातातली पट्टी कशाची आहे हे त्याला ओळखता येत नाही. गॅरेजातला मुलगा पट्टी ओळखतो, पण नाकाला नुसता रुमाल बांधून फवारा मारतो. रुमालाने थोडे कण अडतात, थिनरची वाफ अडत नाही, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. काही दोन-घटकी रंगांतील आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो. माझ्या त्या विद्यार्थ्याला मी पृष्ठताण शिकवला होता. श्वास कसा जपावा हे शिकवले नव्हते. ही उणीव माझी आहे.

शिक्षक म्हणतील, अभ्यासक्रम पुरा करायलाच वेळ नाही. मान्य. पण एकच तास द्या. रंग नको, थिनर नको. त्रिकोणात 5 हा आकडा असलेले, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचे, एक झाकण आणि काचेची एक स्वच्छ पट्टी घ्या. दोन्हींवर पाण्याचा एकेक थेंब ठेवून मुलांना बाजूने पाहू द्या. मग झाकण पाण्यात टाका; ते तरंगेल. मोटारीतला पीपीचा तुकडा मात्र कधी बुडतोही, कारण त्यात शंखजिऱ्याची पूड मिसळलेली असू शकते. असे का, हे मुलांनाच शोधू द्या.

मी त्या पट्ट्या पुन्हा रंगवल्या, या वेळी त्या तरुणाच्या हाताखाली. दोघांच्याही तोंडावर वाफ अडवणारा मुखवटा होता. त्यानंतरचे उन्हाळे त्या रंगाने सोसले आहेत.